प्लाशेटची एलिझाबेथ: एका क्वेकर घराण्याच्या शोधाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

उद्या संक्रांत. तिळाची पुडी आणि चिक्कीचा गूळ आणायला ग्रीन स्ट्रीटला गेले आणि येताना प्लाशेट ग्रोव्हवरून चालत आले. बारा वर्षं लंडनच्या ईस्ट हॅममध्ये राहतेय. साड्यांची दुकानं, पानवाले, डोसा, सोन्याची पेढी असा हा रस्ता. इथे एकेकाळी शेतं होती आणि मधोमध प्लाशेट हाऊस नावाचं मोठं घर होतं, यावर सांगूनही विश्वास बसत नाही. १८०९ ते १८२९ त्या घरात एलिझाबेथ फ्राय राहिली. घर आता नाही, नाव तेवढं रस्त्याला आणि बागेला उरलंय.

माझी तिची ओळख मात्र नोटेवरून. इथे आले तेव्हा दुकानदाराने सुट्टे म्हणून पाच पौंडांची नोट हातात ठेवली. मागच्या बाजूला पांढऱ्या टोपीतली एक बाई तुरुंगातल्या बायकांना काहीतरी वाचून दाखवतेय. २००२ ते २०१७ ती नोट चालली. नंतर तिच्या जागी चर्चिल आला.

तुरुंगसुधारक म्हणून तिच्यावर ढीगभर लिहिलं गेलंय, त्यात मला भर घालायची नाही. मला तिचं घर बघायचंय. आईबाप, भावंडं, नवरा, अकरा मुलं, त्यांचं पुढे काय झालं. मराठीत नीट वंशवृक्ष आणि त्याच्यासोबत एक लेख, एवढाच प्रकल्प. शनिवार-रविवार धरून जूनपर्यंत व्हावा.

२० जानेवारी

तक्त्याची पहिली ओळ भरली. एलिझाबेथ गर्नी, जन्म २१ मे १७८०, नॉरिच. वडील जॉन गर्नी, लोकरीचा धंदा आणि बँकिंग. आई कॅथरिन बेल. क्वेकर म्हणजे पाद्री न मानणारा, गप्प बसून प्रार्थना करणारा ख्रिस्ती पंथ; त्या मताची शास्त्रशुद्ध मांडणी करणाऱ्या रॉबर्ट बार्क्लेच्या वंशातली. १७८६ मध्ये कुटुंब गावाबाहेर अर्लम हॉलमध्ये गेलं. आई १७९२ मध्ये गेली, तेव्हा एलिझाबेथ बारा वर्षांची. लहानसहान भावंडं सांभाळायची जबाबदारी थोरल्या कॅथरिनवर पडली.

क्वेकरांचा शोध घेणाऱ्याचं नशीब चांगलं असतं, असं ऐकलं होतं, ते खरं आहे. इतर इंग्रज जनतेचे जन्म, लग्नं आणि अंत्यविधी चर्चच्या वह्यांत. क्वेकर चर्चला मानत नसत, म्हणून त्यांनी सतराव्या शतकापासून स्वतःच्या वह्या ठेवल्या, आणि काटेकोर ठेवल्या. १८३७ मध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली. मग १८४० मध्ये या वह्या सरकारजमा झाल्या. त्या आता राष्ट्रीय अभिलेखागारात ‘आरजी ६’ या क्रमांकाखाली आहेत. देण्याआधी त्यांनी सगळ्याचा गोषवारा उतरवून आपल्याकडे ठेवला. सरकारवर विश्वास कमी आणि शिस्त जास्त.

तारखांची गंमत वेगळीच. वार आणि महिने रोमन आणि जर्मन देवांच्या नावांवरून पडलेले, म्हणून ते नावं घेत नसत. रविवार म्हणजे ‘पहिला दिवस’, ऑगस्ट म्हणजे ‘आठवा महिना’. आपले तर सातही वार ग्रहांचे. क्वेकरांना मराठी कालनिर्णय लावायला दिलं असतं तर भिंत रिकामीच राहिली असती. मला या आकड्यांचा त्रास नाही. जुनी कागदपत्रं बघताना शकात ७८ मिळवायची सवय घरातच लागलेली.

२७ जानेवारी

घोळ. दोन तास फुकट.

प्लाशेटला राहणारी आणि सभेत (म्हणजे क्वेकरांच्या प्रार्थनेच्या बैठकीत) बोलणारी ‘एलिझाबेथ फ्राय’ असा उल्लेख सापडला म्हणून आमच्या बाईंच्या खात्यात टाकला. नंतर लक्षात आलं, ती नणंद! नवऱ्याची बहीण, तीही एलिझाबेथ फ्राय, जन्मभर अविवाहित, तीही क्वेकरांची मान्यताप्राप्त उपदेशिका. ती १८४४ मध्ये वारली, ही १८४५ मध्ये. आता सरळ क्रमांक देऊन टाकले:

ए-१ आमची. ए-२ नणंद. ए-३ पोटची मुलगी, जन्म १८११. ए-४ चुलत बहीण, जी भाऊ जॉनची बायको झाली. ए-५ भाऊ सॅम्युएलची बायको, माहेरची शेपर्ड. ए-६ त्याच सॅम्युएलची मुलगी. ही १८४० मध्ये आत्याबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेली आणि पुढे बुन्सेन घराण्यात पडली. ए-७ भाऊ जोसेफ जॉनची तिसरी बायको इलायझा, अमेरिकन. हिला लिंकनने १८६४ मध्ये पत्र लिहिलं.

आपल्याकडे निदान लग्नात नाव बदलायची चाल होती. सात एलिझाबेथांच्या घरात एखादी रमा, एखादी उमा सुटली असती. त्या चालीबद्दल याहून चांगलं बोलण्यासारखं काही माझ्याकडे नाही.

११ फेब्रुवारी

मामांना व्हिडिओ कॉल. आमच्या आजोळच्या घराण्याचा कुलवृत्तांत त्यांनी जमवला. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या वह्या चाळल्या, मोडीतले कागद वाचले, गावोगाव पत्रं टाकली. पत्रकं पाठवूनही लोक माहिती देत नाहीत, हे त्यांचं तीस वर्षांचं दुःख.

तक्ता दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

“बायकांची नावं सगळी आहेत की गं. आम्हाला पणजीच्या वरच्या बायकांची नावं मिळेनात. सगळ्या लक्ष्मी नाहीतर ‘नाव उपलब्ध नाही’.”

मी म्हटलं, “मामा, यांच्या बायकांची स्वतंत्र सभा भरायची. इतिवृत्तं त्याच लिहायच्या.”

“मग मुलींच्या रेघा पुढे का नाही नेल्यास?”

आणि खरंच, मी नेल्या नव्हत्या. नकळत मामांच्या पुस्तकाचीच पद्धत उचलली होती: मुलगा असला की खाली रेघ, मुलगी असली की ‘विवाह अमुक घराण्यात’ आणि पूर्णविराम. मामांनी ते छापल्यालाही आता वीस वर्षं झाली. “आता करायला बसलो तर मीही नेईन,” म्हणाले. “पण माझे डोळे गेले. तू ने.”

प्रकल्पाचा नियम बदलला. मुलींच्या रेघा किमान एक पिढी खाली न्यायच्या.

२४ फेब्रुवारी, नॉरिचहून परतीच्या गाडीत

एका दिवसात जाऊन आले. पाय तुटले.

मॅग्डालेन स्ट्रीटवरचं गर्नी कोर्ट बाहेरून पाहिलं. याच घरात १८०२ मध्ये लेखिका हॅरिएट मार्टिनो जन्मली. एका घराने केवढ्या बायका दिल्या. अर्लम हॉल आता विद्यापीठाच्या विधी शाखेकडे आहे. जिथे सात गर्नी बहिणी हातात हात घालून रस्ता अडवायच्या म्हणतात, तिथे मुलं लॅपटॉप घेऊन बसलेली.

गोट लेनच्या सभागृहात जरा थबकले. ४ फेब्रुवारी १७९८, रविवार. अमेरिकन क्वेकर विल्यम सेव्हरी इथे बोलला आणि सतरा वर्षांची एलिझाबेथ गाडीत बसून घरी जाताना रडत राहिली. बहीण रिचेंडाने ती सकाळ लिहून ठेवलीय: बेट्सीच्या (म्हणजे एलिझाबेथच्या) पायात जांभळे बूट होते, त्यांना लाल नाड्या. सभेत तिचं लक्ष त्या बुटांकडेच होतं, मग हळूहळू बोलणाऱ्याकडे गेलं. बुटांचा हा तपशील नसता तर हा प्रसंग एखाद्या संतचरित्रातल्यासारखा गुळगुळीत झाला असता.

आत्ताची इमारत मात्र १८२६ ची. म्हणजे ती रडली ती भिंत ही नव्हे. गाइडपुस्तकांत याचा उल्लेख गाळतात, मी लेखात ठेवणार.

गर्नी हे ‘रंगीत क्वेकर’, श्रीमंत, नाचगाणं चालणारे. साधा करडा पोशाख आणि टोपी तिने नंतर स्वतःहून घेतली, घरच्यांना ते फारसं रुचलं नाही. इतक्या भावंडांपैकी शेवटपर्यंत क्वेकर राहिली ती चौघंच: एलिझाबेथ, प्रिसिला, सॅम्युएल आणि जोसेफ जॉन. लुईसा होअर घराण्यात गेली, हॅना बक्स्टनांकडे (तिचा नवरा थॉमस फॉवेल बक्स्टन, ज्याने पुढे पार्लमेंटात गुलामगिरीविरुद्धचा लढा चालवला), रिचेंडाने तर पाद्र्याशीच लग्न केलं.

९ मार्च

युस्टन रोडवरचं फ्रेंड्स हाऊस. ईस्ट हॅमहून एकच गाडी, युस्टन स्क्वेअरला उतरायचं. तिथलं ग्रंथालय म्हणजे शांततेचीच दुसरी सभा.

लग्न: १९ ऑगस्ट १८००, नॉरिच, गोट लेन. वर जोसेफ फ्राय, लंडनचा. वडिलांचा चहाचा व्यापार आणि बँक. जोसेफला गाण्याची आवड, शिकारीची आवड, धंद्यात बेताचा. एलिझाबेथने त्याला आधी नकार दिला होता.

क्वेकर लग्नाची रीत नीट वाचली. आधी दोघांनी मासिक सभेपुढे इरादा सांगायचा. सभा माणसं नेमून चौकशी करणार, दोघं दुसरीकडे कुठे बांधलेली नाहीत ना. मग एका सभेत सगळे गप्प बसलेले असताना दोघांनी उभं राहून एकमेकांना वचन द्यायचं. पाद्री नाही, अंगठी नाही. प्रमाणपत्र मोठ्याने वाचायचं आणि हजर असलेल्या सगळ्यांनी सह्या करायच्या, बायकांनीसुद्धा. भटजीशिवाय, वधूवरांनी एकमेकांना दिलेल्या वचनावर लागणारं लग्न मला परकं नाही; सत्यशोधकांच्या गोष्टी आम्ही शाळेत असताना ऐकल्या होत्या. परक्या वाटल्या त्या सह्या. वंशावळ करणाऱ्याला याहून मोठं दान नाही. कोण जिवंत होतं, कोण बोलण्यात होतं, कोणाला लिहिता येत होतं, सगळं एका कागदावर.

१० मार्च

कालचंच. क्वेकर सगळ्यांना एकवचनी संबोधत. राजा असो की गाडीवान. १८४२ मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम चौथा अप्टनला एलिझाबेथच्या घरी जेवायला आला होता. इंग्रजीत ‘तू’साठीच्या या ‘दी’ आणि ‘दाऊ’चं आता काही उरलेलं नाही, त्यामुळे इंग्रज वाचकाला ते फक्त जुनाट वाटतं. मराठीत आणलं की ते जिवंत होतं. ती राजाला ‘तू’ म्हणाली. लेखात असंच लिहायचं, ‘आपण’ नको. आपण देवाला आणि आईला ‘तू’च म्हणतो, पण भाडेकरू झाला तरी ‘तुम्ही’.

२९ मार्च, गुड फ्रायडे

सुट्टी. दिवसभर अकरा मुलं.

कॅथरिन १८०१. रेचल १८०३. जॉन १८०४. विल्यम १८०६. रिचेंडा १८०८. जोसेफ १८०९. एलिझाबेथ १८११. हॅना १८१२. लुईसा १८१४. सॅम्युएल १८१६. डॅनियल हेन्री १८२२. शेवटच्याची मौज अशी की दुसरी लेक रेचल हिचं पहिलं बाळ आणि आईचं अकरावं एकाच दिवशी जन्मली. आमच्या पणजीच्या वाड्यात आई आणि लेक एकदमच बाळंतिणीच्या खोलीत असायच्या, तेव्हा मला यात नवल वाटलं नाही. इंग्रज चरित्रकारांना मात्र दरवेळी वाटतं.

क्वेकर वह्यांत या अकराही मुलांचे जन्म चोख आहेत. आणि मग एकेक रेघ तुटायला लागते.

१८२१. रेचलने फ्रान्सिस क्रेसवेलशी लग्न केलं. तो क्वेकर नव्हता. समाजाबाहेर लग्न, तेही पाद्र्यासमोर, म्हणजे सभासदत्व गेलंच. आणि आईबापांनी संमती दाखवली तर त्यांच्यावरही कारवाई. एलिझाबेथ तोवर देशभर नावाजलेली. ती लेकीच्या लग्नाला गेली नाही. लग्न तिच्याच भावाच्या घरून झालं.

या कारवाईला मराठीत काय म्हणावं यावर तासभर गेला. ‘वाळीत टाकणं’ हातात तयारच होतं, पण तो शब्द इथे खोटा पडतो. वाळीत टाकलेल्याचं पाणी तोडतात, पंगत तोडतात, मयताला खांदा देत नाहीत. महाराष्ट्राला २०१६ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. क्वेकरांकडे असं काही नव्हतं. माणूस सभेला येऊन बसू शकत होता, भाऊबंद जेवायला बोलावत होते. फक्त कारभाराच्या बैठकीत जागा नाही, आणि वहीत नाव नाही. आपल्या शाळांचा शब्द नेमका आहे: पटावरून नाव कमी केलं.

मग नाव कमी झालेल्यांना शोधायचं कुठे? त्यांच्या लग्नाची नोंद चर्चच्या वहीत, १८३७ नंतर सरकारी दाखल्यात. क्वेकरांच्या वहीत असलीच तर ‘सभासद नाही’ अशी दोन अक्षरी खूण. हॅना आणि लुईसा याही बाहेर पडल्या. विल्यमने जुलियाना पेलीशी लग्न केलं, तिचे वडील हडसन बे कंपनीचे गव्हर्नर. रिचेंडाचं मात्र सभेतच, फॉस्टर रेनॉल्ड्सशी.

मामांचा नियम पाळून रेचलच्या रेघेवरून खाली उतरले आणि हाती काय लागलं! तिचा मुलगा सॅम्युएल गर्नी क्रेसवेल, जन्म १८२७, नौदलात गेला. ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून आर्क्टिकला. जहाज बर्फात अडकलं, तो बर्फावरून चालत दुसऱ्या जहाजापर्यंत पोचला आणि १८५३ मध्ये इंग्लंडला परतला. वायव्य मार्ग (आर्क्टिकमधून अटलांटिक ते पॅसिफिक जाणारी वाट) अखंड पार केलेला पहिला नौदल अधिकारी. त्याची बर्फात अडकलेल्या जहाजाची जलरंगातली चित्रं फार देखणी आहेत. आजी शस्त्राला हात न लावणाऱ्या पंथाची आणि नातू आरमारात. मुलीच्या नावापुढे पूर्णविराम दिला असता तर हा पोरगा तक्त्यात आलाच नसता.

३० मार्च

कालचंच पुढे, कारण सगळ्यात जड नोंद राहिलीय.

नोव्हेंबर १८२८ मध्ये जोसेफ फ्रायची बँक बुडाली. क्वेकरांत दिवाळं काढणं हे पाप, कारण तो दुसऱ्याचा पैसा असतो. १८२९ मध्ये खुद्द जोसेफचं नाव पटावरून गेलं. बायको उपदेशिका, तिच्या शब्दाला राजदरबारी मान. नवऱ्याला त्याच सभेच्या कारभारात बसायची मुभा नाही. तुरुंगाच्या कामाला बँकेतला पैसा वळवला अशी कुजबुजही तिच्या वाट्याला आली. प्लाशेट हाऊस सुटलं. भाऊ सॅम्युएलने अप्टन लेनमधलं आपलं एक घर राहायला दिलं, भावांनी चहाचा धंदा हाती घेऊन जोसेफला पगारावर ठेवलं. नाव पुढे काही वर्षांनी पुन्हा पटावर आलं. जोसेफ १८६१ पर्यंत जगला.

मुलं समाज सोडून जायला हेच मोठं कारण झालं, असं माझं मत होत चाललंय. रेचल आधीच गेलेली होती हे मान्य. पण बाकीच्यांनी वडिलांचं नाव कमी होताना डोळ्यांनी पाहिलं.

१३ एप्रिल

बाळंतपणांच्या तारखा आणि तुरुंगाच्या तारखा शेजारी-शेजारी मांडल्या. कुठल्याच चरित्रात असा तक्ता पाहिला नव्हता.

१८१३, फेब्रुवारी: ॲना बक्स्टनबरोबर न्यूगेट तुरुंगात पहिली भेट, फ्रेंच क्वेकर स्टीफन ग्रेलेटने तिथली हकिगत सांगितल्यावरून. जवळजवळ तीनशे बायका आणि त्यांची पोरं दोन खोल्यांत आणि दोन कोठड्यांत कोंबलेली, जमिनीवर झोपलेली. सोबत नेले होते ते बाळंतविड्यासारखे लोकरी कपडे. त्यानंतर जवळपास चार वर्षं काही नाही. लोक याला ‘खंड’ म्हणतात. खंड कसला, या काळात लुईसा झाली, सॅम्युएल झाला, आणि १८१६ च्या नोव्हेंबरात पाचेक वर्षांची लेक ए-३ वारली. त्या हिवाळ्यातच एलिझाबेथ न्यूगेटला परत गेली आणि कैदी बायकांना पहिली गोष्ट विचारली: तुमच्या पोरांसाठी शाळा काढूया का? १८१७ च्या एप्रिलमध्ये बायकांची समिती उभी राहिली. १८१८ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष.

यावर मी लेखात एक वाक्यही चिकटवणार नाही. तक्ताच छापायचा.

प्लाशेटच्या वर्षांतली आणखी एक नोंद, आमच्या गल्लीची म्हणून: आसपासच्या खेड्यांतल्या मुलांना ती स्वतः देवीची लस टोचायची.

आज एका गोधडीत अडकले, वंशवृक्षात न बसणाऱ्या. ऑस्ट्रेलियाला हद्दपार होणाऱ्या बायकांना तिची समिती एक पिशवी द्यायची: सुया, दोरा, कात्री आणि दोन पौंड चिंध्या. प्रवासात हाताला काम, आणि तिथे पोचल्यावर विकायला काहीतरी. १८४१ मध्ये ‘राजा’ नावाचं जहाज (होय, राजाच) वूलविचहून १८० बायका घेऊन होबार्टला गेलं. त्यांनी वाटेत शिवलेली गोधडी आज कॅनबराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. २८१५ तुकडे. कडेला रेशमाने भरलेला मजकूर आहे, समितीच्या बायकांचे आभार मानणारा. शिवणारीचं नाव एकीचंही नाही. फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर: “मधला चौकोन आधी केलाय, मग कडेने वाढवत नेलंय. आमच्या वाकळेचंच काम. बोटं टोचलीत कुणाची तरी, डाग दिसतोय.”

डाग खरंच आहेत.

६ मे, सोमवार, बँक हॉलिडे

बार्किंग. ईस्ट हॅमच्या पुढचंच स्टेशन, आणि मी बारा वर्षांत नॉर्थ स्ट्रीटला गेले नव्हते.

ऑक्टोबर १८४५ मध्ये एलिझाबेथ रॅम्सगेटला वारली आणि इथे क्वेकरांच्या दफनभूमीत आली. आदल्या वर्षीच मुलगा विल्यम आणि त्याच्या दोन लहान मुली तांबड्या तापाने गेल्या होत्या, नणंदही गेली होती. दफनभूमीची आता बाग झालीय, बाकं, गवत. थडगी शोधणाऱ्याची निराशाच होते, कारण क्वेकरांना थडग्यावरचा दगडही दिमाख वाटायचा. वार्षिक सभेने १८५० मध्ये परवानगी दिली तीसुद्धा सगळ्यांना एकसारख्या साध्या दगडांची. अर्लमच्या बँकरला आणि त्याच्या मोलकरणीला एकच माप.

समोरच्या क्वेकर सभागृहाच्या जागी १९७० च्या दशकापासून गुरुद्वारा आहे. आत जाऊन डोकं टेकवलं, लंगरमध्ये बसले. जमिनीवर, एका रांगेत, कोण कुठल्या घरची हे न विचारता वाढत होते. डाळ चांगली होती. शेजारच्या मावशींना विचारलं, समोरच्या बागेत कोण पुरलंय माहीत आहे का. “वो नोटवाली,” त्या म्हणाल्या.

१८ मे

पैशाची रेघ. ही मुंबईपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं.

भाऊ सॅम्युएल म्हणजे लंडनचा ‘बँकरांचा बँकर’, ओव्हरएंड गर्नी पेढी त्याची. स्ट्रॅटफर्ड ब्रॉडवेवर चर्चजवळचा उंच दगडी स्तंभ त्याच्याच स्मरणार्थ, १८६१ चा; मी त्याच्याखाली शेकडो वेळा बसची वाट पाहिली असेल. त्याच्या घराभोवतीची जमीन म्हणजे आजचं वेस्ट हॅम पार्क. तो १८५६ मध्ये गेला. पुढच्या पिढीने पेढी नको त्या कर्जांत घातली, १८६५ मध्ये तिची लिमिटेड कंपनी करून लोकांकडून भांडवल उचललं, आणि १० मे १८६६ ला दारं बंद. देणी सुमारे १ कोटी १० लाख पौंड. संचालकांत जोसेफ जॉनचा मुलगा जॉन हेन्री, म्हणजे एलिझाबेथचा सख्खा भाचा. खटला झाला, १८६९ मध्ये सगळे सुटले.

मुंबईत तेव्हा काय चाललं होतं? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापसाचा भाव कोसळला, शेअरचा फुगा फुटला, प्रेमचंद रायचंदांसकट भलेभले बुडाले. त्यातून मान वर काढणाऱ्यांवर वर्षभरात लंडनचा हा घाव. ओव्हरएंड गर्नीपाठोपाठ जून १८६६ मध्ये आग्रा अँड मास्टरमन्स बँकेने पैसे देणं थांबवलं. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या कितीतरी लोकांच्या ठेवी तिच्यात. जोसेफ फ्रायची बँक १८२८ मध्ये बुडाली तेव्हा सभेने त्याचं नाव कमी केलं. त्या बँकेचा आकडा या आकड्यापुढे चिल्लर.

नॉरिचची गर्नी बँक मात्र यातून तगली आणि १८९६ मध्ये बार्क्लेजमध्ये मिसळली. माझा पगार बार्क्लेजमध्येच येतो. काय बोलणार.

१ जून

वंशवृक्ष जवळजवळ भरला. मुलींच्या रेघा सगळ्या एक पिढी खाली गेल्या, रेचलची दोन. लहानपणीच गेलेली ए-३ सोडली तर एकाच चौकटीखाली काही नाही: थोरली, कॅथरिन, १८०१ ते १८८६. लग्न नाही. मामांच्या पुस्तकात अशा मुलीला अर्धी ओळ मिळते, ‘अविवाहित’. मीही तेवढंच लिहून पुढे गेले होते.

आज तिच्या आईच्या रोजनिश्यांकडे परत गेले आणि सगळं कॅथरिनपाशीच येऊन थांबलं. एलिझाबेथने सतराव्या वर्षापासून मरेपर्यंत रोजनिशी लिहिली, घाईचं अक्षर, शुद्धलेखनाची बोंब. तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांत, १८४७ मध्ये, दोन मुलींनी त्यातले उतारे निवडून दोन खंडी चरित्र छापलं. त्या दोघी कॅथरिन आणि रेचल. म्हणजे पटावरून नाव गेलेली लेक आणि बिनलग्नाची लेक, दोघींनी बसून ठरवलं की जगाला आई कशी दिसावी. शंका, चिडचिड, नवऱ्याच्या दिवाळ्याचे दिवस, बरंच सौम्य केलं. पुढच्या अभ्यासकांनी यासाठी त्यांना बोल लावलेत. मला आधी राग आला होता. मग आठवलं, मामांनी आमच्या पणजोबांची दुसरी बायको कुलवृत्तांतातून कशी अलगद वगळली होती, आणि का.

आणि हे नवीन: कॅथरिनने ईस्ट हॅम आणि वेस्ट हॅम या दोन्ही गावांचा इतिहास लिहिला. तिच्या पाठीमागे, १८८८ मध्ये तो छापला गेला. म्हणजे ज्या शेतांवर, ज्या घरावर माझा विश्वास बसत नव्हता, त्यांची माहिती लिहून ठेवणारी हीच. प्लाशेटला आली तेव्हा सात-आठ वर्षांची होती.

मामांना फोन केला. म्हटलं, अविवाहित मुलीच्या चौकटीखाली काय काढायचं?

“रेघ काढ,” म्हणाले, “आणि खाली पुस्तकाचं नाव लिही. आणि आमच्यातल्या कुणाच्या अशा राहून गेल्यात का, तेही बघतो. पान चव्वेचाळीस काढ बरं. गंगू आत्या. ती विहिरीचे हिशेब ठेवायची.”

पान काढलं. ‘गंगू, अविवाहित.’ मामांनी विहिरीच्या वह्या माळ्यावर असतील म्हणून सांगितलंय. दिवाळीत जाईन तेव्हा काढायच्या.